मुक्काम कोटाच्या आत: अहमदाबादचे दोन दिवस

दोन दिवसांसाठी एखाद्या शहरात जायचे ठरले की आपण बघायच्या ठिकाणांची यादी करायला बसतो. यादी लांबत जाते आणि राहायची जागा सगळ्यात शेवटी, जिथे स्वस्त मिळेल तिथे, घाईघाईत ठरते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. आठवडाभराच्या मुक्कामात गैरसोयीचे हॉटेल निभावून नेता येते, दोन दिवसांत नाही. छोट्या सहलीत शहर भेटते ते सकाळी सात ते दहा आणि रात्री नऊनंतर. मधला दिवस उन्हात, रहदारीत आणि जेवणात जातो. त्या दोन वेळांना आपण कुठे असणार आहोत ते आधी ठरवावे, मुक्काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावा, आणि यादी त्यानंतर करावी. हे अहमदाबादइतक्या ठळकपणे पटवून देणारे दुसरे शहर मला माहीत नाही.

साबरमतीने या शहराचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेले जुने शहर आहे: भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, जामा मशीद, माणेक चौक आणि त्यांच्याभोवती शेकडो ‘पोळ’. पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आत दाटीने वसलेली, गल्लीबोळांची वस्ती. तटबंदी बरीचशी गेली, तरी लोक या भागाला अजून ‘कोट विस्तार’ म्हणतात. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहरांच्या यादीत घेतले ते हेच, आणि हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर. पश्चिमेला नवे शहर आहे: आश्रम रोड, सी. जी. रोड, विद्यापीठ, आयआयएम आणि त्यापलीकडे एस. जी. हायवेच्या कडेने वाढत गेलेल्या उंच इमारती. बुकिंगच्या ॲपवर चकचकीत फोटो दिसतात ते बहुतेक या बाजूचे. खोल्या प्रशस्त, गाडी लावायला जागा, सकाळचा नाश्ता भाड्यातच. पण संध्याकाळच्या गर्दीत तिथून माणेक चौकात यायला तासभर सहज जातो, आणि रात्री उशिरा तेवढेच अंतर परत कापायचे असते. हायवेवर उतरलेला माणूस दोन दिवस शहराच्या कडेकडेने फिरून घरी जातो.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सरळ उत्तर आहे, पण त्यातही एक फट आहे. दिवाळीची सुट्टी हा मराठी कुटुंबांचा सहलीचा हंगाम, आणि नेमके तेच दिवस इथे टाळावेत. गुजराती नववर्ष पाडव्याला सुरू होते आणि व्यापारी मंडळी दुकानाचे कुलूप पुन्हा उघडतात ते लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला. मधल्या दिवसांत जुन्या शहरातली बरीच दुकाने आणि खाण्याची ठिकाणे बंद असतात, कारण त्यांचे मालकही सहकुटुंब फिरायला गेलेले असतात. ज्या शहराचा जीव बाजारात आहे ते बाजार बंद असताना बघण्यात अर्थ नाही.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, हा याच्या नेमका उलटा अनुभव. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘वासी उत्तरायण’ला अख्खे शहर गच्चीवर असते. पोळमधल्या गच्च्या त्या दोन दिवसांसाठी भाड्याने दिल्या जातात, उंधियो-जिलेबीसाठी पहाटेपासून रांगा लागतात. जायचे असेल तर खोली महिने आधी ठरवावी लागते, आणि एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते: त्या दिवसांत दुचाकीवर बसायचे नाही. तुटून लोंबकळणारा मांजा चालत्या दुचाकीस्वाराचा गळा चिरतो. दरवर्षी अशा जखमा होतात, म्हणून शहरातले दुचाकीवाले हँडलच्या पुढे तारेची कमान बसवून घेतात. पायी फिरतानाही गळ्याभोवती जाड रुमाल असू द्यावा आणि लहान मुलांना कठडा नसलेल्या गच्चीवर सोडू नये.

नवरात्रात रात्री दोनला रस्त्यावर घागरा-चोळीतल्या मुलींचे घोळके दिसतात. ते दृश्य बघण्यासारखे आहे, पण त्या नऊ रात्री रिक्षा मिळणे कठीण आणि सकाळी लवकर उठणे त्याहून कठीण. आषाढी बीजेला जमालपूरच्या जगन्नाथ मंदिराची रथयात्रा निघते आणि जुन्या शहरातले रस्ते वाहनांना बंद होतात. मोटेराच्या मैदानावर मोठा क्रिकेट सामना असेल तर तारीख बदलावी. एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचे ते मैदान भरते तेव्हा खोल्यांचे भाव काही पटींनी चढतात.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शाळेच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात आणि मोह होतो. मे २०१० मध्ये इथले तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांतला पहिला. त्यात इशाऱ्याचे रंग ठरवले आहेत: ४१ अंशांच्या पुढे पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी, ४५ आणि त्याहून जास्त असेल तर लाल. मे महिन्यात जाणे भागच असेल तर हे रंग रोज सकाळी बघावेत. नारिंगी किंवा लाल दिवशी अकरा ते पाच बाहेर पडायचे नाही, हा नियम घरच्या सगळ्यात तरुण माणसालाही लागू. जलसंजीवनीची पाकिटे सोबत हवीत. आणि एक खूण सगळ्यांना माहीत असावी: उन्हातून आल्यावर माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची त्वचा तापलेली असली, तर तो ‘थकलाय’ म्हणून झोपवू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. नीट शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

पोचताना

मुंबईहून अहमदाबाद रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या आत आहे. वंदे भारत साधारण साडेपाच तासांत पोचवते. रात्रीची गाडी धरून पहाटे उतरणे स्वस्त पडते, पण खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते, आणि न झोपलेल्या, न आंघोळलेल्या माणसाला सकाळचे शहर काही देत नाही. शुक्रवारी दुपारी मुंबईहून निघणारी गाडी रात्री तिथे सोडते, जेवून झोपता येते आणि शनिवारची सकाळ पूर्ण हाती लागते. दोन दिवसांच्या सहलीत ही एक झोप फार मोलाची आहे. रात्रीचीच गाडी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी फोन करून लवकर खोली देतील का आणि त्याचे किती घेतील ते विचारून ठेवावे.

तिकिटावरचे स्थानकाचे नाव नीट वाचावे. मुख्य स्थानक अहमदाबाद जंक्शन, ज्याला सगळे काळुपूर म्हणतात, ते जुन्या शहराला लागून आहे. पण काही गाड्या साबरमतीला किंवा असारव्याला सुटतात आणि संपतात, आणि साबरमतीला तर शेजारीशेजारी दोन स्थानके आहेत. परतीच्या दिवशी चुकीच्या स्थानकावर उभे राहणे हा इथल्या प्रवासातला सगळ्यात सहज घडणारा आणि सगळ्यात महाग प्रकार. काळुपूर स्थानकाच्या पुनर्विकासाचे मोठे काम हाती घेतलेले असल्यामुळे कोणती गाडी कुठून सुटते ते निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावे.

आणखी एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. डिकीत राहून गेलेली एक बाटलीसुद्धा गुन्हा ठरते आणि सीमेवर तपासणी होते. बाहेरच्या पाहुण्यांसाठी परवान्याची सोय आहे, पण ती रीतसर घ्यावी लागते. कुणी रिक्षावाला किंवा हॉटेलातला पोऱ्या ‘व्यवस्था करतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणावे. नकली दारूने माणसे मेल्याच्या घटना या राज्यात एकदा नव्हे, अनेकदा घडल्या आहेत.

खोली कुठे आणि कशी

शहर खरेच अनुभवायचे असेल तर पोळमधल्या जुन्या घरात राहा. गेल्या काही वर्षांत तिथल्या अनेक हवेल्या दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडल्या गेल्या आहेत. खाडियात फ्रेंच हवेली आहे, रायखडमध्ये दिवाण्स बंगलो आहे, आणि सिदी सैयदच्या मशिदीसमोरचे ‘हाऊस ऑफ एमजी’, म्हणजे १९२४ ची मंगळदास शेठांची हवेली, जरा मोठ्या खिशाचे. अशा घराच्या मधोमध चौक असतो. चौकाखाली ‘टांका’, म्हणजे पावसाचे पाणी साठवायचा जमिनीखालचा हौद. वरून उजेड आणि वारा खाली येतो, म्हणून जाड भिंतींचे ते घर दुपारीही सुसह्य राहते. गल्लीच्या तोंडाशी पक्ष्यांना दाणे घालायचा नक्षीदार ‘चबुतरो’ उभा असतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पोळ मला आवडते, आणि त्यामागे इतिहास आहे. अठराव्या शतकात मोगल सुभेदार, पेशवे आणि गायकवाड यांच्या ओढाताणीत या शहराने फार सोसले, आणि वस्त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी दरवाजे भक्कम केले. आत शिरायला एकच मोठा दरवाजा, त्यावर पहारेकऱ्याची खोली, आणि संकटात शेजारच्या पोळमध्ये निसटायला चोरवाटा. दरवाजे आता रात्री बंद होत नाहीत, पण ओट्यावर बसलेल्या आजीबाई अजून आहेत. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की ‘कोने त्यां जवुं छे, भाई?’ हा प्रश्न येतो. तो चौकशीचा नाही, काळजीचा असतो. उत्तर द्यावे, यजमानाचे नाव सांगावे. एकदा ओळख झाली की तुमच्या पाठीवर सगळ्या गल्लीची नजर असते.

अडचणीही सांगतो. रिक्षा पोळच्या आत दारापर्यंत येत नाही, म्हणून चाकांच्या जड बॅगेऐवजी पाठीवरची पिशवी बरी. जिने लाकडी, अरुंद आणि इतके उभे की काही ठिकाणी दोर धरून चढावे लागते. पहाटे देवळातल्या घंटा आणि दूधवाल्याचा आवाज ठरलेला. गुडघे दुखणारे आई-वडील किंवा अगदी लहान मूल सोबत असेल तर लाल दरवाजा किंवा खानपूर भागातले लिफ्ट असलेले हॉटेल घ्यावे. कोटापासून ते चालत जाण्याइतके जवळ आहे. तिसरा पर्याय आश्रम रोडवर, मेट्रोच्या ओल्ड हायकोर्ट स्थानकाजवळ. तिथे दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात आणि घीकांटा किंवा काळुपूरला काही मिनिटांत पोचता येते. फक्त मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते आणि माणेक चौक तेव्हा कुठे रंगात येत असतो, हे धरून परतीच्या रिक्षाचा हिशेब करावा.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा अलीकडच्या तीन-चार महिन्यांतले अभिप्राय वाचावेत, त्यातही तक्रारींचे. मग फोन करावा. हॉटेलचा नंबर सर्च करून जो पहिला येईल तो खरा असतोच असे नाही. बनावट नंबर टाकून क्यूआर कोडवर आगाऊ पैसे घेणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. नंबर दोन ठिकाणी जुळतो का ते पाहावे, शक्य असेल तिथे पैसे पोचल्यावर द्यावेत, आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे अडवले जाण्याची शक्यता राहते. फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: कर धरून एकूण किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, रात्री बाराला आलो तर दार कोण उघडेल, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. ओळखपत्र प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे लागते. आधारची प्रत द्यायची झाली तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार चालते का ते विचारावे.

खोलीत पाऊल टाकल्यावर पिशवी ठेवून आधी एक फेरी मारावी. दाराची आतली कडी नीट बसते का, खिडकीची जाळी आतून उघडते का, आणि जिन्याचे दुसरे दार कुलूपबंद तर नाही ना. आगीत माणसे जाळापेक्षा धुराने जास्त मरतात, आणि अंधारात, धुरात बाहेरचा रस्ता शोधता येतो तो आधी एकदा पायाखालून गेलेला असेल तरच. दुसरा जिना सामानाने भरलेला दिसला तर खोली बदलून न घेता हॉटेलच बदलावे. एकट्या बाईने स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला गेला तर दुसरी खोली मागून घ्यायला अजिबात संकोच करू नये. अहमदाबादच्या मुख्य रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत बायकामुली मोकळेपणाने वावरतात, ही या शहराची मोठी खूण आहे. तरीही दुकाने बंद झाल्यावर ओस पडणारे कोटातले बाजारबोळ टाळावेत आणि उजेडाच्या रस्त्याने यावे. ११२ हा आणीबाणीचा नंबर देशभर चालतो. गुजरातमध्ये महिलांसाठी १८१, ‘अभयम्’, चोवीस तास आहे.

सकाळ

महापालिकेची वारसा फेरी १९ नोव्हेंबर १९९७ पासून चालू आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठच्या आत निघते, जामा मशिदीपाशी संपते आणि साधारण अडीच तास चालते. या शहरात एकच गोष्ट करायला सांगा म्हटले तर मी हीच सांगेन. १८२२ चे ते मंदिर संप्रदायाचे पहिले. तिथून निघून वाटेत कवी दलपतराम आपल्या घराच्या ओट्यावर पुतळ्याच्या रूपाने बसलेले भेटतात. मग हाजा पटेलनी पोळ, लाकडावर कोरलेले खांब, बाहेरून साधी दिसणारी आणि आत उजळलेली जैन मंदिरे. मार्गदर्शक चोरवाटेतून नेतो तेव्हा पोळच्या रक्षणाची सगळी युक्ती पायांना समजते. सूती कपडे आणि काढघाल करायला सोपी चप्पल घालावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि माणसांचे फोटो विचारून काढावेत, कारण ही प्रदर्शनातली वस्ती नाही, त्यांची रोजची सकाळ आहे.

जामा मशीद १४२४ ची. पिवळसर दगडाच्या २६० खांबांचे जंगल, आणि त्यातून सरकत जाणारा कोवळा उजेड. तिचे मिनार १८१९ च्या कच्छच्या भूकंपात कोसळले. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत जाऊ नये. तिथून तीन दरवाजा जवळ आहे, आणि मराठी माणसाने त्याखालून घाईने जाऊ नये. त्याच्या खांबावर १८१२ चा एक देवनागरी लेख आहे. मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी कोरवलेल्या त्या लेखात मुलीला वडिलांच्या मिळकतीतला वाटा बिनतक्रार द्यावा अशी आज्ञा आहे, आणि न देणाऱ्या हिंदूला महादेवाला आणि मुसलमानाला अल्लाला जाब द्यावा लागेल असे बजावले आहे. गायकवाड-पेशव्यांच्या अहमदाबादबद्दल वसुलीच्या आणि लुटीच्या कथा खूप ऐकू येतात, आणि त्या खोट्या नाहीत. पण हा दगडही त्याच कारभारातला आहे. फेरीवाल्यांच्या गर्दीत तो कुणाच्या लक्षात येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

सिदी सैयदची जाळी सकाळीच बघावी, आतून. १५७२-७३ मध्ये, गुजरातची सल्तनत संपत असताना, पूर्ण झालेली ही छोटी मशीद आता वाहतुकीच्या बेटावर उभी आहे. जाळीच्या दगडात कोरलेल्या झाडाच्या फांद्यांमधून उजेड आत येतो तेव्हा बाहेरचे हॉर्न ऐकू येईनासे होतात. रस्ता ओलांडताना मात्र कुठल्याही स्थानिक माणसाच्या बाजूला उभे राहून त्याच्याच चालीने जावे. इथे दुचाकी कुठल्या दिशेने येईल याचा भरवसा नाही.

खाणे

फेरीनंतर भूक लागते आणि समोर फाफडा असतो. पापडी-फाफड्यासोबत तळलेली मिरची, कच्च्या पपईचा संभारो आणि गरम जिलेबी. कढईतून नुकता निघालेला घाणा बघून त्याच दुकानात थांबावे. बाहेरच्या खाण्याचा माझा मुख्य निकष हाच: पदार्थ डोळ्यांसमोर गरम होतो आहे का, आणि गिऱ्हाईक इतके आहे का की काही शिल्लक राहू नये. नाव, पाटी, जुनेपणा हे त्यानंतर. पोट बिघडते ते बहुधा तळलेल्या पदार्थाने नव्हे, तर त्यासोबतच्या पाण्याने, चटणीने, बर्फाने आणि कापून ठेवलेल्या फळांनी. बाटलीचे सील पाहूनच पाणी घ्यावे. सहलीचे दोनच दिवस असताना त्यातला एक आजारपणात घालवणे परवडत नाही.

दुपारी थाळी. गुजराती थाळीत वाढपी थांबत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच सगळ्या फरसाणांना हो म्हणू नये. भाज्या, कढी, नंतर पुरी आणि शेवटी खिचडी असा क्रम ठेवला तर जेवण अंगी लागते. डाळीतल्या गुळाने गोंधळू नये. चिंच, आले, मिरची यांच्या जोडीला तो हवाच असतो, आणि आपल्या आमटीतल्या गुळाचा तो जवळचा नातेवाईक आहे. हिवाळ्यात उंधियो मिळतो तेव्हा दुसरे काही मागू नये. मांसाहार हवा असेल तर तीन दरवाज्याजवळची भटियार गल्ली जुनी आणि नावाजलेली. लाल दरवाज्याजवळच्या ‘लकी’मध्ये चहा आणि मस्का बन घ्यावा. टेबलांच्या मधून खऱ्या कबरी आहेत, रोज सकाळी त्यांच्यावर फुले वाहिली जातात, आणि भिंतीवर चित्रकार हुसेन यांनी भेट दिलेले चित्र आहे. मृतांच्या शेजारी बसून चहा पिणाऱ्या या शहराच्या समजूतदारपणाचे मला फार अप्रूप आहे. मोठ्या उपाहारगृहात बिल बघावे: सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. लावले असेल तर काढायला सांगावे, आणि वाढप्याला जे द्यायचे ते हातात द्यावे.

रात्रीचा माणेक चौक हा या सहलीचा गाभा. दिवसभर इथे सोन्याचांदीच्या पेढ्या चालतात. त्यांची शटर आठ-नऊला खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर टेबले मांडली जातात, तवे तापतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चौक जेवतो. लोणी आणि चीज यांचा हात इतका सढळ आहे की एक पदार्थ चौघांनी वाटून घ्यावा: घुघरा सँडविच, ग्वाल्हेर डोसा, पावभाजी, शेवटी कुल्फी. अननसाचे आणि चॉकलेटचे सँडविच ऐकायला विचित्र वाटते, मुलांना मात्र नक्की आवडते. टेबल धरणारी मुले ओढाओढ करतात. त्यांच्यामागे न जाता आधी एक पूर्ण चक्कर मारावी, भाव विचारावा, मग बसावे. गर्दीत फोन मागच्या खिशात नसावा. आठला गेलात तर झाडलोट दिसेल, साडेनऊनंतर गेलात तर चौक दिसेल. आणि मुक्काम कोटाच्या आत असेल तर तिथून खोलीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येते.

दुसरा दिवस

रविवारची सकाळ साबरमती आश्रमाला द्यावी. गांधीजी इथे १९१७ पासून राहिले आणि १२ मार्च १९३० ला इथूनच दांडीला निघाले. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेले १९६३ चे संग्रहालय जितके साधे तितके सुंदर. हृदयकुंज या गांधीजींच्या घराच्या बाजूच्या छोट्या कुटीत विनोबा राहत. काकासाहेब कालेलकर इथलेच, आणि रोजच्या प्रार्थनेला चाली देणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे पलुस्करांचे शिष्य. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर याच शहरात वकिली करत आणि इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. अहमदाबादशी आपले नाते फक्त गायकवाडांच्या सैन्याचे नाही, हे इथे समजते. आश्रमाच्या परिसरात मोठे विस्ताराचे काम हाती घेतलेले आहे, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून जावे.

त्यानंतर एकच ठिकाण. कापडाची आवड असेल तर शाहीबागेतले कॅलिको संग्रहालय. १९४९ मध्ये सुरू झालेला हा संग्रह जगातल्या उत्तम वस्त्रसंग्रहांपैकी आहे. आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश नाही, माणसे मोजकीच घेतात आणि बुधवारी बंद असते. म्हणून खरे तर गाडीच्या तिकिटाआधी याची तारीख बघावी. ते जमले नाही तर असारव्याची दादा हरीरची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. अडालजची वाव जास्त प्रसिद्ध आहे, पण ती शहराबाहेर अठरा किलोमीटरवर, आणि दोन दिवसांत तेवढा प्रवास मला पटत नाही. असारव्याची तिच्याच काळातली, १४९९ च्या सुमाराची, महमूद बेगड्याच्या जनानखान्यातल्या बाई हरीर यांनी बांधवलेली. आत संस्कृत आणि अरबी असे दोन लेख आहेत. उतरताना प्रत्येक मजल्यावर हवा थंड होत जाते आणि तिथे बऱ्याचदा तुमच्याशिवाय कुणी नसते. पायऱ्यांचे दगड घासून गुळगुळीत झाले आहेत, आणि काही ठिकाणी कठडा नाही. मुलांचा हात सोडू नये, एकट्याने गेल्यास अंधार पडण्याआधी वर यावे.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर दुपारी दोननंतर नदी ओलांडून पश्चिमेला जाऊ नये. काळुपूरभोवतीचे रस्ते तासभर आधीपासून तुंबतात, आणि मेट्रो इथे रिक्षापेक्षा भरवशाची आहे. घरी न्यायला खाखरा घ्यावा, तोही मेथीचा किंवा जिऱ्याचा साधा. तो टिकतो, फुटला तरी चालतो. खमण मात्र तिथेच खावे. बरोबर नेलेले दुसऱ्या दिवशी आंबते.